पाहणीच्या दिवशीची आंघोळ

राज्य नवं झालं तेव्हा रायपुरात ज्याला त्याला काहीतरी मिळालं. कुणाला बंगला, कुणाला लाल दिवा आणि आमच्या संस्थेला एक साहेब. त्यांचं कार्यालय भाड्याच्या घरात होतं, अर्ध्या फायली अजून भोपाळला होत्या. संशय मात्र ते सगळाच्या सगळा बरोबर घेऊन आले होते.

आमचं काम साधं. स्टेशनच्या फलाटांवर फिरायचं, घरून पळून आलेली पोरं हेरायची आणि जवळच्या दोन खोल्यांत त्यांना जेवूखाऊ घालून निजवायचं. खोल्या सरकारी अनुदानावर चालत. ते पुढे द्यायचं की नाही, हे साहेब पाहणी करून ठरवणार होते. नाही म्हणाले की पोरं परत फलाटावर. माझी झोप उडाली होती.

माझी अक्कल गहाण पडली होती म्हणूनच हे मी काकूंना सांगितलं. काकू म्हणजे माझी चुलती, चौबे कॉलोनीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष. पाहणीला येणारा माणूस म्हणजे मुलगी बघायला येणारा पाहुणा, अशीच त्यांची समजूत. सकाळीच मंडळाच्या बायका घेऊन त्या हजर झाल्या. पोरांना धरधरून न्हाऊ घातलं, आपापल्या नातवंडांचे कपडे चढवले, तेल थापून भांग पाडले. मी म्हटलं, पोरं आहेत तशीच राहू द्या.

"काहून? पाहुणे येऊन राहिले अन् पोट्टे मळके दाखवाचे?"

साहेब आले. त्यांच्यासमोर ओडिशाच्या, बिलासपूरच्या पोरांनी हात जोडून एका सुरात 'शुभंकरोती' म्हटली, तीही भर सकाळी. मी फलाटांवर फिरत असताना मंडळानं येऊन महिनाभर घोकून घेतली होती. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

साहेबांनी ते तेलकट भांग नीट पाहिले आणि मला हिंदीत सांगितलं, की ही तर तुमच्याच कॉलोनीतली मराठी मुलं, आजच्यापुरती आणलेली. मी जीव तोडून सांगत होते आणि ते हसत होते. तसं हसू पाहिलं की माझं डोकं फिरतं. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार, इतक्यात त्यांनीच एक युक्ती काढली. कोण कॉलोनीच्या वाटेला लागतं ते पाहायला शिपायाला बाहेर उभं केलं आणि पोरांना म्हणाले, "चलो बच्चों, छुट्टी. सब अपने-अपने घर जाओ."

कुणी जागचं हललं नाही. मग एका पोरानं अंगातला सदरा काढला, घडी केली आणि काकूंच्या हातात दिला. जायचं तर दुसऱ्याचं परत करायला हवं, असं त्याला वाटलं असणार. दोन वेण्या घातलेली सगळ्यात धाकटी पोर साहेबांजवळ गेली. निघायचा हुकूम त्यांचा, म्हणून तिनं त्यांनाच विचारलं, "आज इहाँ नइ सुतबो का?"

आज इथं झोपायचं नाही का? मला रडूच कोसळलं.

साहेबांच्या तोंडचं हसू गेलं. सकाळपासून हिंदीशिवाय न बोललेला तो माणूस तिच्यासमोर खाली बसला आणि तिच्याच बोलीत म्हणाला, "हव. इहेंच सुतबे."

आमचं अनुदान तेवढ्यावरच मंजूर झालं. काकू त्या पोराला पुन्हा सदरा चढवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भांग विस्कटला म्हणून त्याला रागवतही होत्या.