बाकावरची अर्धी जागा

आम्ही बौद्ध, देव मानत नाही. त्यामुळे नवरा गेला तेव्हा भांडायला समोर कुणी नव्हतं, आणि राग तर मनात मावत नव्हता. तो इथे सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या एका प्लँटमध्ये इंजिनिअर होता. छातीत दुखतंय हे त्याने तीन दिवस माझ्यापासून लपवलं, कारण प्लँटचं काम अडलं असतं. चौथ्या दिवशी कंपनीच्या बसमध्येच तो गेला. मला त्याचा राग आला, त्या बसचा आला, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर येऊन "ताई, सगळं अनित्य आहे" असं सांगणाऱ्या प्रत्येकाचा आला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते मला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. आमच्या इथल्या मंडळातले काका पुण्यानुमोदनाचा दिवस ठरवायला दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आपलं पुण्य गेलेल्या माणसाला अर्पण करायचं, म्हणजे तो गेला हे आधी आपल्या तोंडाने म्हणायचं. ते मी म्हणणार नव्हते. संध्याकाळची वंदनाही सुटली. त्रिशरणाच्या 'बुद्धं सरणं गच्छामि' या पहिल्याच ओळीला मी उठून जायचे. शरण जायचं, ते कशासाठी?

एडिंबरा पाहणं हे त्याचं जुनं स्वप्न. तिकिटं त्यानेच काढून ठेवली होती. कॉलेजात शिकणारी लेक तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "कॅन्सल कर लाह, आई. तू तिथे जाऊन कुणाशी तरी भांडशील." मी हट्टाने एकटी गेले, त्याचं जॅकेट घालून. जॅकेटच्या खिशात टिश्यूचं न फोडलेलं पाकीट होतं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टेबलावर असं पाकीट ठेवलं की ती जागा आपली झाली. मग निवांत रांगेत उभं राहायचं. त्याच्या खिशात ते कायम असे. हे शेवटचं. सात महिने मी त्या पाकिटाला कुणालाच हात लावू दिला नव्हता, लेकीलासुद्धा नाही.

त्याने पेन्सिलीने खुणा केलेलं प्रवासाचं पुस्तक घेऊन मी तीन दिवस फिरले. किल्ला, चढणीचा दगडी रस्ता, दोन घरांमधल्या अंधाऱ्या बोळी. शेकडो वर्षांपूर्वीचे काळे दगड जागच्या जागी होते, आणि त्याचाही मला संताप येत होता. कुणाला कुठे फाशी दिलं हे गाईड विनोद करून सांगत होता, लोक हसत होते. मी घोळका सोडून किल्ल्याखालच्या बागेत उतरले. तिथल्या बाकांवर पितळी पाट्या; प्रत्येक पाटीवर गेलेल्या कुणाचं तरी नाव. मेलेल्यांना इथे बसायला जागा आहे, असं मनात आलं आणि मी दात आवळून एका बाकाच्या टोकाला बसले. हाताने सवयीने खिशातलं पाकीट काढून शेजारी ठेवलं.

"कुणीतरी विसरलेलं दिसतंय," म्हणत काठी टेकत आलेल्या एका आजींनी ते उचललं.

"खाली ठेवा. ती माझ्या नवऱ्याची जागा आहे."

"येतोय का तो?"

"हो."

खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडलं, तेही एका म्हाताऱ्या बाईशी बोलताना. आजींनी पाकीट होतं तिथे ठेवलं आणि म्हणाल्या, "मग येईपर्यंत मी उभी राहते." आणि खरंच राहिल्या. वारा बोचरा होता. पाचेक मिनिटांनी मला राहवलं नाही. "इतके बाक रिकामे आहेत," मी चिडून म्हटलं.

"आहेत ना. पण हा माझ्या बहिणीचा." त्यांनी काठीने माझ्या पाठीमागची पाटी दाखवली.

मी सरकले. पाकीट उचललं. "तो येणार नाही," मी म्हटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी मान हलवली आणि त्या मोकळ्या अर्ध्या जागेवर बसल्या. मग म्हणाल्या, "पहिलं वर्षभर मी यायचे तेव्हा इथे कुणीतरी सँडविच खात बसलेलं असायचं. इतका राग यायचा. एकाला तर काठीने हाकललं." मला हसू आलं. "मग?" मी विचारलं.

"मग काय. बाक आहे, लोक बसणारच." थोडं थांबून म्हणाल्या, "पाटी पुसायला त्यातला एक कागद देतेस? माझा रुमाल घरी राहिलाय."

जगात मागण्यासारख्या इतक्या वस्तू असताना त्यांनी तीच मागितली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बोटांनी पाकीट फोडलं. पहिला कागद त्यांना दिला, दुसरा माझ्या डोळ्यांना लागला. पाटी चकचकीत होईपर्यंत त्या पुसत राहिल्या, आणि मी तिच्यावरचं नाव वाचलं.

परत आल्यावर मी काकांना फोन केला. पुढच्या रविवारी फ्लॅटवर पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण मी शेवटपर्यंत म्हटलं. त्या पाटीवर वाचलेलं नावही नवऱ्याच्या नावापाठोपाठ घेतलं. आजींचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, त्यांचे आभार इथेच मानते. याला कृपा म्हणावं का, मला ठाऊक नाही. माझा राग संपलेलाही नाही. ती कंपनीची बस दिसली की अजून मान फिरवते. एवढंच कळलं की शरण जाणं म्हणजे हरणं नव्हे. घट्ट मिटलेली मूठ उघडणं एवढंच ते असतं, आणि मला तर ती उघडायलाही दुसऱ्या कुणीतरी मदत केली.

काल हॉकर सेंटरमध्ये समोरच्या खुर्चीवर मी काही ठेवलं नव्हतं. हातात ट्रे घेऊन एक अंकल थांबले. "इथे कुणी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "बसा."