ओट्यावरचा पासवर्ड

मी लग्नांचे व्हिडिओ जोडते. लोकांनी दोन दिवस घातलेल्या गोंधळातून त्यांना सुखाचा तासभर काढून देते, असं म्हटलं तरी चालेल. कामाचं सगळं चित्रीकरण हार्ड डिस्कच्या एका काळ्या पेटीत साठवलेलं असतं, आणि ती पेटी कर्जतला बाबांच्या घरी आहे. पूर्वी मी तिथेच राहून काम करायचे. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याला आलो, तेव्हा भाड्याच्या घरात हा संसार कुठे हलवा म्हणून पेटी तिथेच ठेवली. पुण्यात बसून इंटरनेटवरून तिच्यातल्या फायली उघडता यायच्या. या उन्हाळ्यात मात्र ती अशी काही रुसली की एक फाईल मागितली तर चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच राहायचं.

तिकडे एका नवरीचा भाऊ रोज फोन करत होता. माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर, त्यात हा उन्हाळा. केबलवाल्याला दोनदा घरी पाठवलं. त्याने वायर बदलली आणि "लाईन एकदम ओके आहे, मॅडम" असं सांगून मोकळा झाला. बाबांकडून पेटी बंद-चालू करवून घेतली, राउटर कपाटावरून खाली आणवला. काही फरक नाही.

मग माझं लक्ष बाबांच्या घरापुढच्या ओट्याकडे गेलं. कर्जतचं घर बाजाराच्या वाटेवर आहे. डोंगरातल्या वाड्यांवरून करवंदं, जांभळं घेऊन येणाऱ्या बाया आमच्या ओट्यावर पाट्या उतरवून टेकतात. आईच्या वेळेपासून त्यांच्यासाठी माठ भरलेला असतो. आई गेली, माठ राहिला, आणि बाबांनी त्यात वायफायची भर घातली. वाडीवर रेंज नाही आणि बाजारात उतरल्यावर फोनमध्ये नेटचा रिचार्ज नाही, अशी त्या बायांची गत. "आधी पाणी, मग पासवर्ड," असं बाबा म्हणायचे. निवृत्त शिक्षक ते, शिस्त सुटत नाही. पासवर्ड म्हणजे आईचं नाव. दर बाजाराला कोणीतरी विसरायचं आणि बाबांना ते नाव मोठ्याने सांगावं लागायचं. एका बाईची लेक लांबच्या वीटभट्टीवर बाळंत झाली होती. नातवाला तिने पाहिलं होतं ते फक्त आमच्या ओट्यावरून, फोनच्या काचेत.

हे सगळं मला पुण्यात बसून दिसायचं. आई गेल्यावर, या उन्हाळ्याच्या तोंडावर, बाबा एकदा न्हाणीघरात घसरले, तेव्हा मी दोन कॅमेरे लावून घेतले होते, एक ओट्यावर आणि एक बैठकीच्या खोलीत. तुमच्यावर लक्ष ठेवायला म्हटलं असतं तर त्यांना लागलं असतं, म्हणून मी "चोरांसाठी" म्हणाले. माझ्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी जुन्या टॅबवर ते चित्र दिवसभर चालू असायचं. बाबांचा चेहरा उतरलाय का ते कळावं म्हणून चित्र सर्वांत चांगल्या दर्जाचं ठेवलं होतं, ते मीच.

"बाबा, तुम्ही धर्मशाळा काढलीये का?" मी फोनवर म्हटलं. "तिथे सगळ्या व्हिडिओवर बोलत बसतात आणि माझं काम इथे अडतं."

"अगं, बोलतात तेवढंच. घटकाभर."

"तुमची घटका होते, माझं पोट मारलं जातं."

मी पुण्यातूनच पासवर्ड बदलला. आईचं नाव काढलं आणि कुणाला उच्चारताही येणार नाहीत अशी अक्षरं घातली. बाबांना बजावलं, कुणालाही सांगायचा नाही.

आणि काय सांगू, पेटी वाऱ्यासारखी पळायला लागली. फायली भराभर उघडल्या. "बघा, मी म्हणत नव्हते?" असं मी बाबांना ऐकवलंसुद्धा. पासवर्ड बदलल्यामुळे आपले कॅमेरेही बंद पडलेत, हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ काढायची बुद्धी झाली नाही. नवरीचा व्हिडिओ देऊन टाकला. मग केबलवाल्याला सांगून कॅमेरे नव्या पासवर्डवर जोडून घेतले.

त्याच दुपारी पेटी पुन्हा अडली. मी चिडून टॅबकडे पाहिलं, आज कोण बसलंय म्हणून. बाजाराचा दिवस होता आणि ओटा रिकामा होता. माठावरचं झाकणसुद्धा हललेलं नव्हतं.

मी टॅब बंद केला. फाईल लगेच उघडली. टॅब चालू केला. फाईल अडली. पुन्हा करून पाहिलं, खरं तर गरज नव्हती. पुण्यात मला काही दिसायचं तर ते कर्जतच्या घरातून बाहेर पडायला हवं, आणि ती बाहेरची वाट अरुंद असते. माझे दोन कॅमेरे ती दिवसभर अडवून बसले होते. बाबांसाठी लावलेल्या टॅबवर मी त्या बायांवरच नजर ठेवून होते, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मला इतकी लाज वाटली की नवऱ्यालाही सांगितलं नाही.

रविवारी कर्जतला गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी पासवर्ड बदलला, त्यानंतरच्या बाजाराला काय झालं?" मी विचारलं. कॅमेरे बंद असल्यामुळे तेवढंच मला दिसलं नव्हतं.

"नातू झालेली बाई आली. फोन लागेना. मी म्हटलं, लेकीनं बंद केलंय. तिनं वर कॅमेऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, गुरुजी, हे कशाला लावलंय? मी म्हटलं, चोरांसाठी."

"चोरांसाठी नव्हते ते, बाबा."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण पोरगी माझी राखण करते, हे त्यांना कसं सांगू? लाज वाटली गं. तुझंच खोटं पुढं केलं."

मी ओट्यावरचा कॅमेरा काढला. पासवर्ड पुन्हा आईच्या नावाचा केला आणि बाजारात गेले. ती बाई आता समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी बसत होती. मी करवंदं घेतली. ती माप जरा जास्तच भरत होती, मला नको नको झालं.

"नातू कसा आहे?"

"बरा आसंल. पावसाच्या आंदी येतीलच भट्टीवरनं. तवा बगीन."

"ओट्यावर या ना. पासवर्ड पुन्हा तोच केलाय. कॅमेरा पण काढला."

कॅमेरा खरा कुणासाठी होता ते सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगणं म्हणजे बाबांना या रस्त्यावर उघडं पाडणं होतं. मी करवंदं पिशवीत टाकली. तिने पाटीवरचा पाला सारखा केला, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाली,

"ताई, तुमचं काय गेलं त्ये मला ठावं नाय. पन आमी नाय नेलं."