खिंडीत बंद केलेली जीप

आमच्या जीपच्या मागच्या दारावर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं होतं. वडिलांनी ती कुणाची तरी वापरलेली घेतली होती, पण त्या अक्षरांवरून फडकं फिरवताना त्यांचा थाट असा की ती जणू त्यांनीच रंगवली आहेत. भोरच्या बाजारपेठेत आमचं पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान होतं. मालासाठी टेम्पो भाड्याने मिळायचा. जीप घेतली ती आईसाठी, पण हे कबूल करतील तर ते आमचे वडील कसले.

आईचं माहेर वेल्ह्याच्या पुढे, डोंगरावर. भोरहून नसरापूर, तिथून मिळाली तर वेल्ह्याची एसटी आणि शेवटचा चढ पायी. गुडघे कुरकुरायला लागले तसं तिचं जाणं दिवाळी आणि जत्रेपुरतं उरलं. वर तिची थोरली बहीण एकटी राहायची. आईची आई लवकर गेली, तेव्हा आईला या अक्कानेच लहानाचं मोठं केलं होतं. जीप आल्यावर आई जवळजवळ दर रविवारी वर जायला लागली. आमच्यावर दिवसभर करवादणारी ही बाई तिथे पोचली की अक्कापुढे पाठमोरी बसायची आणि अक्का तिच्या पिकायला लागलेल्या केसांना तेल लावायची. मला त्या वेळी याचं हसू यायचं. आता येत नाही.

शेवटचा चढ उभा होता. तो संपतो तिथे खिंड, आणि खिंडीत शेंदूर फासलेला म्हसोबा. गावचा नियम असा की खालून येणारी गाडी म्हसोबापुढे थांबवायची आणि गप्प करायची. पूर्वी लोक इथे बैलांचं जू उतरवत, बैल दम खात, माणसं हात जोडत. बैलगाड्या गेल्या, जीपगाड्या आल्या, नियम राहिला. चढ चढून तापलेलं इंजिन वडील तिथल्या तिथे बंद करत. आई नारळ वाढवायची, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून आम्ही पुढे निघायचो.

एकदा नसरापूरला ऑइल बदलताना मिस्त्री वडिलांना म्हणाला, "शेठ, चढ चढून आलात की लगीच चावी फिरवू नका. टर्बो, म्हंजी इंजिनाला जोर देनारा पंखा, लई तापल्याला आसतो. दोन मिन्टं गाडी उभ्याउभ्या चालू ऱ्हाऊ द्या, त्याला त्याल मिळत ऱ्हातं. न्हाईतर हळूहळू कामातनं जातोय त्यो." मी शेजारीच उभी होते. वडिलांनी नीट ऐकून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी खिंडीत त्यांनी जीप थांबवली, पण चालूच ठेवली. आई नारळ घेऊन उतरली, दोन पावलं गेली आणि वळली.

"बंद करा की."

"हां, करतो. जरा दम धर."

"द्येवाफुडं घुरघुरत ठिवताय व्हय? कुनी बगितलं तर म्हंतील, जावायाला लई माज आलाय."

वडिलांनी चावी फिरवली. दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस सासुरवाडीच्या वेशीवर मुका व्हायचा. बायकोच्या गावच्या देवापुढे जावयाने यंत्राचं शहाणपण काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. घरी येऊनही ते बोलले नाहीत. चढाच्या आधी सपाटीवर थांबून उपयोग नव्हता, खिंडीच्या पुढे नेऊन थांबवणं म्हणजे देव ओलांडणं. ती दोन मिनिटं तिथेच, त्या दगडापुढेच हवी होती. मिस्त्रीचं बोलणं मग कुणी काढलं नाही. बैलांना ज्याने विसावा मिळायचा त्यानेच आमच्या जीपचा घात केला.

एक-दोन वर्षं काही झालं नाही. मग जीप शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करू लागली, ऑइल पिऊ लागली, मागे निळसर धूर सोडू लागली. एका रविवारी त्या चढावर मध्येच तिचा जीव गेला. मिस्त्रीने टर्बो उघडून दाखवला. आत जळालेल्या तेलाचा थर कढईच्या बुडासारखा बसला होता आणि पंख्याचा दांडा सैल होऊन बोटानेही हलत होता.

"बंद करताना थांबत व्हता ना, शेठ?"

"थांबत होतो की," वडील म्हणाले. आई शेजारीच उभी होती. तिला काय कळणार.

नवा टर्बो आम्हाला झेपणारा नव्हता. मिस्त्रीने जुना काढून टाकला आणि जीप साधी करून दिली. भाटघर, नसरापूर, सपाटीला ती बरी चालायची, तो चढ मात्र तिला जमेना. आईचं जाणं पुन्हा दिवाळी आणि जत्रेवर आलं. 'टर्बो'ची अक्षरं तेवढी मागे तशीच राहिली. मला ती खरवडून काढावीशी वाटायची.

अक्का एका पावसाळ्यात गेली. निरोप आला तशी जीप काढली, चढाच्या पायथ्याशी लावली आणि आईला दोन्हीकडून धरत भर पावसात वर नेलं. ती दर थोड्या अंतराने बसायची. पाऊस वाढत होता, गावकऱ्यांना थांबता आलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा माती झाली होती. आईला अक्काचं तोंड बघायला मिळालं नाही.

काही वर्षांनी माझ्या भावाने नवी छोटी गाडी घेतली. ती द्यायला आलेला माणूस अंगणात सगळं समजावत होता. म्हणाला, चढावरून आलात की लगेच बंद करू नका, टर्बो आहे. आई ओट्यावर गहू निवडत होती. तिचा हात थांबला. तो माणूस गेल्यावर तिने वडिलांना विचारलं, "आपल्या जीपला बी ह्येच व्हतं का?"

"होतं."

"तुमाला ठावं व्हतं?"

"मिस्त्रीने सांगितलं होतं," वडील म्हणाले. "पण तू देवापुढं उभी असायचीस. तुला कसं थांब म्हणू?"

आईने गव्हाचं सूप बाजूला ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हसोबा थांबला असता वो दोन मिन्टं," ती म्हणाली. "अक्का न्हाई थांबली."