डावीकडचा उतार

स्कॉटलंडच्या त्या स्की रिसॉर्टवर मी नकाशा हातात धरून नुसती उभी होते. गेल्या हिवाळ्यात पाय मोडल्यापासून बर्फाची धास्तीच बसली होती. शेजारी सत्तरीच्या एक बाई स्नोबोर्डचे पट्टे आवळत होत्या. माझं फोनवरचं मराठी ऐकून म्हणाल्या, "फर्स्ट टाइम का गं?"

"नाही, पण आता भीती वाटते. कुठून सुरुवात करू?"

त्यांनी डावीकडचा रुंद उतार दाखवला. "तिथून. पडायला ऐसपैस जागा आहे. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर मी तिथेच शिकले."

एवढं बोलून त्या निघाल्या, जरा पुढे जाऊन आपटल्या आणि बर्फात बसल्या बसल्या हसत मला हात करू लागल्या.

त्या दिवशी मी कितीदा पडले, कोण जाणे. संध्याकाळी मात्र दुसऱ्या दिवसाचाही पास काढला.