साडूंचे स्पीकर

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी स्पीकरची तब्येत पाहणारा माणूस उभ्या सुरतेत एकच होता, तो म्हणजे आमचे साडू. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर मशीनच्या खडखडाटात राहूनही कान शाबूत ठेवलेला हा धुळ्याकडचा गृहस्थ आहेराचं पाकीट खिशातच विसरून आधी स्पीकरच्या खोक्याला कान लावी. आवाज जरा फाटलेला वाटला की साऊंडवाल्याची धडगत नसे. एकदा तर त्यांनी गणपतीची आरती अर्ध्यात थांबवली. बाप्पा दोन मिनिटं थांबतील, स्पीकर थांबणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

जास्त ताकदीने स्पीकर जळतो, असं साऱ्या जगाला वाटतं. साडूंचं उलटं. "धाकला अ‍ॅम्प्लिफायरच मोठा स्पीकरले मारस, साडूभाऊ!" जेवायला बसलं की ते ताटातल्या भातावर बोटाने डोंगर काढत. ही आवाजाची लाट. अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपला की लाटेचा माथा कसा छाटला जातो, हे दाखवायला ते डोंगरांचे शेंडे खाऊन टाकत. यालाच ते क्लिपिंग म्हणत, आणि अशा छाटलेल्या लाटेनेच स्पीकर तापून जळतो, असं सांगत. समजावण्याच्या भरात कधी कधी माझ्या ताटातलेही शेंडे जात.

शेजारचा गुजराती मंडपवाला हे मुळीच मानत नसे. "अरे भाई, वधारे पावरथी बळे, ओछाथी नहीं!" जास्तीने जळतो, कमीने नाही, हा त्याचा हेका. शेवटी एका रविवारी साडूंनी एक इवलासा अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि बटण पूर्ण पिळलं. थोड्या वेळाने त्यातला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, धूर सोडून गेला. स्वतःची वस्तू जळाल्यावर टाळ्या पिटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण एवढं पिळल्यावर पॉवरही जास्तच गेली, असा फाटा मंडपवाल्याने फोडला आणि वाद होता तिथेच राहिला. साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी, दोघांनाही चहा न देता आत निघून गेली.

घरात स्पीकरची आणखी एक जोडी होती, चादरीखाली झाकलेली. ती एकुलत्या एका लेकीच्या हळदीसाठी राखलेली. त्या जोडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

हळदीच्या दिवशी साडू सकाळपासून बटणाला चिकटून बसले. आवाज इतका हळू की बायकांना नाचावं की ओव्या म्हणाव्यात कळेना. शेवटी हळदीने माखलेली पोरगीच आली. सुरतेत जन्मलेली ती, लाडात आली की गुजराती बोले. "पप्पा, थोडो वधारो ने!"

साडूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बटण स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत फिरवलं. आवाज फाटला, पोरगी नाचली, हा माणूसही नाचला. दोन्ही ट्वीटर दुपारपर्यंत गेले. मंडपवाला निकाल लावायला मोठ्या आशेने आला, तर साडूंनी त्याला पंगतीत बसवून जिलबी वाढली.

पोरगी धुळ्याला नांदायला गेली. साडूंकडे अजून तीच जोडी नुसती घुमते. गाण्यात टाळ ऐकू येत नाही, घुंगरू नाही. ट्वीटर का बदलत नाही, असं मी एकदा विचारलं.

"ती व्हती तवय घरमा बारीक आवाज व्हता," ते म्हणाले. "आते काय करना ट्वीटर?"

साडूंनी मान फिरवली आणि आवाज आणखी थोडा कमी केला.