श्रीगोंद्याच्या कप्प्यात

धाकट्या भावाच्या लग्नाच्या पत्रिका गावांप्रमाणे लावायच्या होत्या, म्हणून मी सासरहून, श्रीगोंद्याहून, पाथर्डीला माहेरी आले. हे काम माझंच. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात सतरंजी पसरून गावागावाचे गठ्ठे मीच लावलेत, पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या ठेवून.

दारातच वडील म्हणाले, "तू बस निवांत. सूनबाईनं समदं केलंय."

सूनबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. वडिलांनी सांगितली तशी सगळी नावं तिनं एका लांबलचक यादीत भरली होती आणि चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. एकेक नाव घ्यायचं, त्याचं गाव बघायचं. त्या गावाचा कप्पा असेल तर नाव त्यात टाकायचं, नसेल तर नवा कप्पा करायचा. झाली डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक गावाखाली तिथल्या माणसांची यादी. वडील शेजारणीला बोलावून दाखवत होते, "लई हुशार हाय आमची सूनबाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, हे मलाही येतं. कॉम्प्युटरची पदवी मीही घेतलीय, रोज नगरला एस्टीनं जाऊन. तेव्हा नाही कुणी शेजारीण बोलावली. मी तिच्या खांद्यावरून डोकावून चूक शोधली. मेलीनं एकही ठेवली नव्हती.

वर गोड बोलते. "ताई, पत्रिकांवर नावं तुम्हीच घाला ना. तुमच्यासारखं अक्षर कुणाचंय?" म्हणजे डोकं तिचं आणि हात माझे. बसले लिहीत. ती एकेक कप्पा वाचायची, मी नावं घालायची.

"श्रीगोंदा," ती म्हणाली. आधी माझे सासरे आले, मग चुलत सासरे. मग तिनं हळू आवाजात माझंच नाव वाचलं, आमच्या ह्यांच्या नावासकट. प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं. माझ्या नावापुढं वडिलांनीच ते गाव सांगितलं होतं.

"ही तुमच्याजवळच देते, ताई," ती म्हणाली.

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला आणि सगळे कप्पे वरपासून खालपर्यंत पाहिले. तिचं नाव एकाही कप्प्यात नव्हतं. घरच्या माणसाला कोण पत्रिका देतं?

मी पेन उचललं आणि पत्रिकेवर माझं नाव घातलं, बाकीच्या पाहुण्यांचं घातलं तसंच, नीट.