आंदणाची गादी

ढेकणाची मला भीती नाही, किळस आहे. चावला तर चावला, रक्त काय मच्छरही पितो. पण तो चिरडल्यावर बोटाला जो वास लागतो, सडक्या कोथिंबिरीसारखा, तो नुसता आठवला तरी जेवलेलं घशाशी येतं. म्हणून परगावी मुक्काम असला की मी पाय धुवायच्या आधी गादीचे कोपरे उलटते. शिवणीत काळे ठिपके दिसले की संपलं. मग पिशवी खुंटीला आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत. बालाघाटला परतल्यावर कपडे अंगणातच उकळत्या पाण्यात जातात, त्यानंतर मी घरात. घरचे हसतात. हसू द्या.

तिरोडीला भाचीच्या लग्नात हेच झालं. पाहुण्यांसाठी बालाघाटच्या बिछायतवाल्याकडून भाड्याच्या गाद्या आणल्या होत्या, कोणकोणत्या लग्नांतला घाम पिऊन आलेल्या. मी एक कोपरा उलटला तर शिवणभर तपकिरी वळवळ, आणि मध्येच पांढरी, खसखशीएवढी अंडी. त्याच्यावर आमचे पाहुणे तोंड उघडं टाकून घोरत होते. मी बहिणीला सांगितलं, तर म्हणते, "लग्नघर हाये बाई, हळू बोल ना."

दुसऱ्या दिवशी पोरीची पाठवणी. सासर बालाघाटलाच, माझ्या घराजवळ, म्हणून पाठराखीण मीच. आंदण पिकअपमध्ये चढायला लागलं. पलंग, कपाट, भांडी, आणि बहिणीनं पिंजाऱ्याला अंगणात बसवून नव्या कापसाची भरून घेतलेली लाल गादी. गाडी बालाघाटला जातेच आहे, तर बिछायतीच्या गाद्याही त्याच फेरीत परत करू, असं आमच्या शहाण्या भाऊजींना सुचलं. सुचलं तर सुचलं, पण नव्या गादीला कपाटाचा पत्रा लागू नये म्हणून त्यांनी त्या घाणेरड्या गाद्या तिच्या खाली एक आणि वर एक अशा रचल्या.

"भाऊजी, काहून असं करता जी? ढेकूण चढतीन ना तिच्यात."

"काही होत नाही. बसा तुम्ही गाडीत," म्हणाले, आणि दोरी आवळली.

आमच्यात सून आली की आंदण मांडून दाखवतात. नवी गादी पलंगावर पसरतात, नवरीला तिच्यावर बसवतात, आणि शेजारणी दाबून दाबून कापूस जोखतात. अशात एक जरी ढेकूण बाहेर आला असता, तर बिछायतवाल्याचं नाव कोणी घेतलं नसतं. सुनेनं माहेरून ढेकूण आणले, हेच वॉर्डभर झालं असतं आणि पोरीला जन्मभर चिकटलं असतं. मी ठरवलं होतं, उतरल्या उतरल्या गादी गच्चीवर उन्हात टाकायची. पण मी चपला काढेपर्यंत ती पलंगावर पसरलेली, पोरगी तिच्यावर बसलेली, आणि खोली बायांनी भरलेली.

मी म्हटलं, आधी जरा ऊन दाखवू. एक शेजारीण म्हणाली, "नई गद्दी को धूप काहे की?" सगळ्या हसल्या.

आणि तेवढ्यात तो दिसला. फुगलेला, सुस्त, पोरीच्या शालूच्या काठाकडे चाललेला. पोरीनंही पाहिला. तिनं त्याच्यावर हळूच हात ठेवला आणि मूठ मिटली. चेहरा हसराच ठेवला. मी तिला खेटूनच उभी होते, वास माझ्यापर्यंत आला.

"दुल्हन, मेहंदी तो दिखाओ," कोणीतरी म्हणालं.

पोरगी मूठ उघडेना. तिची सासू पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "दाखव ना बाई," म्हणत तिनं वाकून स्वतःच पोरीची बोटं सोडवली. मेंदी छान रंगली होती आणि मधोमध तो लगदा. वाकलेल्या सासूच्या आडून बायांना काही दिसलं नाही. सासूच्या नाकपुड्या हलल्या. हा वास कोणाला सांगावा लागत नाही. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

सासूनं ती मूठ पुन्हा मिटवली. मग हातातला तांब्या गादीवर सरळ उपडा केला.

"सांडलं माझ्या हातून," ती शांतपणे म्हणाली.

बाया तिच्यावर तुटून पडल्या. पहिल्याच दिवशी सुनेची गादी भिजवली, डोळे कुठं होते, वगैरे. "हौ, हात कापते माझा आजकाल," एवढंच बोलून तिनं सगळ्यांना चहाला बाहेर काढलं.

गादी आम्ही दोघींनी गच्चीवर नेली. जिन्यात एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, आणि माझ्या मनगटावर काहीतरी चालत होतं. मी दात आवळून वर चढत राहिले.

"बिछायतीची गादी लागली का हिले?" तिनं विचारलं. गाडीतल्या भाड्याच्या गाद्या तिनं दारातच पाहिल्या होत्या.

"हौ."

"माझ्या आंदणाची गादी माझ्या सासूनं चारचौघींत झटकली होती," ती म्हणाली.

तिनं गादी उन्हात पसरली, मग जिन्यातून वाकून खाली सुनेला हळूच हाक दिली, "बाई, हात धू साबणानं. पुन्हा पुन्हा धू. लवकर जात नाही तो वास."